पाणी खालून चढते तेव्हा कुंडीत काय भरावे?

पहिली सेल्फ वॉटरिंग कुंडी, म्हणजे तळाच्या टाकीतले पाणी आपोआप वर ओढून घेणारी कुंडी, मी रंगाच्या 20 लिटरच्या दोन रिकाम्या बादल्या एकमेकींत बसवून केली आणि तिच्यात नेहमीच्या कुंडीत भरतो तेच भरले: रोपवाटिकेतून आणलेली लाल माती, तिच्या निम्मे शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. टोमॅटोचे रोप तीन आठवडे जोमाने वाढले, मग खालची पाने पिवळी पडू लागली आणि टाकीत भरपूर पाणी असूनही दुपारी रोप मान टाकू लागले. पाणी कमी पडत असेल असे समजून मी टाकी काठोकाठ भरत राहिलो. सहाव्या आठवड्यात रोप गेले. बादली वर्तमानपत्रावर पालथी केली तेव्हा मातीचा गोळा साच्यातून निघावा तसा अखंड बाहेर आला. वरची चार बोटे माती कोरडी ठणठणीत, मधला भाग ओला आणि खालची वीतभर माती काळपट, चिखलासारखी, गटाराचा वास येणारी होती. बहुतेक मुळे त्या काळ्या थराच्या वरच थांबली होती. ज्या दोन-चार मुळ्या खाली उतरल्या होत्या त्यांची साल चिमटीत धरून ओढताच सुटून आली आणि आत दोऱ्याएवढा गाभा तेवढा उरला.

रोप गुदमरून मेले होते. मुळांना श्वासासाठी ऑक्सिजन लागतो आणि तो मिळेनासा झाला की त्यांची पाणी शोषण्याची ताकद संपते. म्हणूनच चिखलात उभे असलेले रोप तहानेने कोमेजल्यासारखे दिसते आणि आपण त्याला आणखी पाणी घालतो. बादलीची रचना ठीक होती, रोप निरोगी होते, पाणीही वेळेवर मिळत होते. चुकले होते ते आत भरलेले मिश्रण. या प्रकारच्या कुंडीत मिश्रण हे केवळ मुळांचे घर नसते, टाकीतले पाणी वर नेणारा पंपही तेच असते; त्यामुळे ते निवडताना खताचा विचार नंतर आणि मिश्रणातल्या पोकळ्यांचा विचार आधी करावा लागतो. हे एकदा नीट कळले की बाजारातल्या कोणत्या पोत्याला हात लावायचा आणि कोणत्या नाही हे आपले आपल्याला ठरवता येते.

पाणी वर कसे चढते

रचना बहुतेकांची सारखीच असते, कुंडी विकत घेतलेली असो वा घरी केलेली. तळाशी पाण्याची टाकी, तिच्यावर भोके असलेली चकती किंवा आतली बादली, टाकीत पाणी ओतण्यासाठी एक उभी नळी, जादा पाणी निघून जाण्यासाठी टाकीच्या वरच्या कडेला एक भोक, आणि मिश्रणाचा काही भाग पाण्यात बुडून राहावा म्हणून चकतीतून खाली उतरलेला एक जाळीदार डबा. या डब्यातले मिश्रण पाणी पिते आणि वरच्या मिश्रणाला देते. समईची वात तेल जसे वर ओढते तसाच हा प्रकार आहे, आणि शास्त्रात त्याला केशाकर्षण म्हणतात.

केशाकर्षणाचा नियम साधा आहे: पोकळी जितकी अरुंद, तितके पाणी उंच चढते. 1 मिलिमीटर व्यासाच्या पोकळीत पाणी सुमारे 3 सेंटीमीटर चढते, 0.1 मिलिमीटरच्या पोकळीत सुमारे 30 सेंटीमीटर, आणि खडीच्या दगडांमध्ये राहणाऱ्या 5 मिलिमीटरच्या फटीत जेमतेम अर्धा सेंटीमीटर. या तीन आकड्यांत बऱ्याच प्रश्नांची उत्तरे दडलेली आहेत. कुंडीच्या तळाशी निचऱ्यासाठी खडी किंवा विटांचे मोठे तुकडे घालण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. सेल्फ वॉटरिंग कुंडीत तसे केले तर त्या थराने वातच मधोमध कापली जाते आणि टाकी भरलेली असताना वरचे मिश्रण कोरडे पडते.

मग सगळ्यात बारीक पोकळ्यांची माती घ्यावी, म्हणजे पाणी खूप वर चढेल, असे वाटणे साहजिक आहे. अडचण अशी की जी पोकळी पाण्याला धरून ठेवते तिच्यात हवेला जागा राहत नाही. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे 10,000 पट सावकाश पसरतो, म्हणून पाण्याने भरलेल्या पोकळीतले मूळ जवळजवळ बंद खोलीत कोंडल्यासारखे असते. त्यात आपला उन्हाळा. 25 अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला राहू शकतो, 35 अंशांना तो 7 मिलिग्रॅमच्या आसपास येतो, आणि त्याच वेळी उष्णतेमुळे मुळांची ऑक्सिजनची गरज मात्र वाढलेली असते. गच्चीवर उन्हात तापलेल्या काळ्या बादलीत एप्रिलमध्ये हेच घडते.

साध्या कुंडीत हा दोष झाकला जातो. आपण वरून पाणी घालतो, माती पूर्ण भिजते, पण पुढच्या एक-दोन दिवसांत पाणी कमी होत जाते तशी पोकळ्यांत हवा शिरते आणि मुळे श्वास घेतात. सेल्फ वॉटरिंग कुंडीत हा वाळण्याचा काळ येतच नाही, कारण जेवढे पाणी झाड पिते तेवढे लगेच खालून चढते. त्यामुळे साध्या कुंडीत ज्या मातीत वांगी उत्तम येतात तीच माती इथे घात करते. मिश्रणात दोन्ही जातींच्या पोकळ्या एकाच वेळी हव्यात: पाणी ओढणाऱ्या बारीक, आणि पाणी धरू न शकणाऱ्या, म्हणून कायम हवेने भरलेल्या, थोड्या मोठ्या.

माती का नको

महाराष्ट्रात कुंडीसाठी दोन माती हाताशी असतात. घाटावरची काळी माती बेसॉल्ट खडकाची झीज होऊन बनलेली आहे. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळल्यावर तडे देते. शेतात हीच तिची ताकद आहे, कारण ती पावसाचे पाणी धरून ठेवते आणि भेगांमधून तिची आपोआप उलथापालथ होते. बादलीत मात्र ती कायम फुगलेली राहते. तिच्या पोकळ्या इतक्या सूक्ष्म असतात की पाणी त्यांतून अतिशय संथ चढते आणि एकदा चढले की सुटत नाही. कोकणातली जांभ्या खडकाची लाल माती तुलनेने मोकळी असते, म्हणून रोपवाटिका तीच विकतात, पण पाच-सहा आठवडे सतत ओल्या राहिलेल्या कुंडीत तिचे बारीक कण खाली सरकत जाऊन पोकळ्या बुजवतात. माझ्या बादलीत झाले ते हेच.

मातीत वाळू मिसळून हा प्रश्न सुटेल असे बरेचदा सांगितले जाते. हा सल्ला मला पटत नाही. वाळूचे दाणे मातीच्या समुद्रात विखुरलेले राहिले तर त्यांच्या मधल्या जागाही मातीच भरून टाकते. खऱ्या अर्थाने पोकळी वाढवायला वाळू मातीपेक्षा कितीतरी जास्त लागते, आणि मग बादली उचलत नाही. शिवाय आता बांधकामावर मिळते ती बहुतेक दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू, आणि तिच्यातली दगडाची भुकटी पोकळ्या बुजवण्याचेच काम करते.

वजनाचा मुद्दा गच्चीवाल्यांनी गंभीरपणे घ्यायला हवा. भिजलेली 16 लिटर माती 25 किलोंच्या पुढे जाते. मातीविना केलेले तेवढेच मिश्रण भिजल्यावर साधारण त्याच्या निम्म्यावर राहते. अशा वीस बादल्या ठेवायच्या असतील तर इमारतीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

कोकोपीट, पण धुतलेले

सेल्फ वॉटरिंग कुंडीच्या मिश्रणाचा पाया म्हणून परदेशात पीट मॉस वापरतात. ते थंड प्रदेशातल्या दलदलीतून येते, आपल्याकडे महाग पडते, आणि एकदा पूर्ण वाळले की पाणी झिडकारते. आपल्याकडे नारळ आहे. सोडणातून काथ्या काढताना जो तपकिरी भुसा उरतो तेच कोकोपीट. ते आपल्या वजनाच्या आठपट पाणी धरते, तरी त्याच्या कणांमध्ये हवेला जागा राहते. वाळले तरी पुन्हा सहज भिजते. आणि त्यातल्या लिग्निन या चिवट घटकामुळे सावकाश कुजते, म्हणून दोन-तीन वर्षे टिकते. माझ्या मते या कुंड्यांसाठी आपल्याकडे याहून चांगला आणि सहज मिळणारा पाया नाही.

तरीही वीट पाण्यात फुगवली आणि भरली, असे करू नये. नारळाच्या सोडणात निसर्गतःच पोटॅशियम, सोडियम आणि क्लोराइड असतात, आणि सोडणे खाडीच्या किंवा खाऱ्या पाण्यात भिजवली असतील तर सोडियम आणखी वाढते. साध्या कुंडीत वरून घातलेल्या पाण्याबरोबर हे क्षार हळूहळू निघून जातात. खालून पाणी चढणाऱ्या कुंडीत त्यांना बाहेर जायला वाटच नसते. म्हणून फुगवलेले कोकोपीट जुन्या साडीत किंवा गोणपाटात बांधून दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यात बुडवावे, प्रत्येक वेळी पूर्ण निथळू द्यावे आणि मगच वापरावे. घरी पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजायचे छोटे यंत्र असेल तर शेवटच्या धुण्यातून निथळलेले पाणी मोजावे. ते नळाच्या पाण्याच्या जवळ आले की काम झाले. पहिल्या धुण्याचे पाणी चहासारखे तपकिरी आणि आकडा नळाच्या पाण्याच्या कित्येक पट, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की धुण्याचा कंटाळा येत नाही.

धुतल्यावरही एक काम उरते. कोकोपीटचे कण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे पकडून ठेवतात आणि त्यांच्या बदल्यात पोटॅशियम व सोडियम सोडतात. टोमॅटोच्या फळाचा बुडखा काळा पडतो तो फळापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्याने, आणि न धुतलेल्या कोकोपीटमध्ये हा त्रास जास्त दिसतो. यावर सोपा उपाय म्हणजे दर 10 लिटर मिश्रणाला साधारण 10 ग्रॅम जिप्सम मिसळणे. जिप्सममुळे कॅल्शियम मिळते आणि सामू (pH) वाढत नाही. चुना घातला तर कॅल्शियम मिळेल, पण आपल्या बोअरच्या पाण्याने आधीच अल्कधर्मी होत जाणारे मिश्रण आणखी त्या बाजूला झुकेल.

विकत घेताना वीट कडेला कुरतडून पाहावी. अगदी पिठासारखे कोकोपीट नको. चिमटीत धरल्यावर काही आखूड तंतू दिसायला हवेत. तंतूंमुळे मिश्रण घट्ट बसत नाही. 5 किलोंची एक वीट फुगून साधारण 70 लिटर होते.

खत किती, भरड काय

कोकोपीटमध्ये अन्न जवळजवळ नसते, म्हणून खत हवेच. पण इथे हात आखडता घ्यावा लागतो, आणि गच्चीवर बाग करणाऱ्या माणसाला ते जड जाते. गांडूळ खत म्हणजे अतिशय बारीक कणांची, पाणी धरणारी, चांगली गोष्ट. प्रमाण एक-चतुर्थांशाच्या पुढे गेले की तेच खत मातीसारखे वागू लागते आणि तळाशी लगदा होतो. मी एक-पंचमांशाच्या आसपास राहतो. शेणखत किंवा घरचे कंपोस्ट वापरायचे असेल तर ते पूर्ण कुजलेले, जंगलातल्या ओल्या मातीचा वास येणारे आणि गव्हाच्या चाळणीतून चाळलेले असावे. अर्धवट कुजलेले खत ओल्या, कमी हवेच्या जागी आंबते, आणि आंबताना मुळांच्या वाट्याचा ऑक्सिजन स्वतःच खाऊन टाकते.

तिसरा घटक भरड हवा, कारण कायम हवेने भरलेल्या पोकळ्या त्याच्यामुळे तयार होतात. पर्लाइट यासाठी उत्तम आहे: ज्वालामुखीतून आलेली काच तापवून लाह्यांसारखी फुलवलेली असते, हलकी असते आणि वर्षानुवर्षे कुजत नाही. ते हाताळताना मात्र आधी पाणी शिंपडावे, कारण त्याची धूळ छातीत जाणे चांगले नाही. पर्लाइट महाग वाटत असेल तर माझी पसंती भाताच्या तुसाला आहे. मावळात, भोरकडे आणि सगळ्या कोकणात भातगिरण्यांवर ते मिळते. तुसात सिलिका भरपूर असल्याने ते सहजी कुजत नाही, त्याचा होडीसारखा आकार आपोआप पोकळी राखतो, आणि एका हंगामाला ते पुरेपूर टिकते. त्यात भाताचे चुकार दाणे असतात, ते कुंडीत उगवू नयेत म्हणून तुसावर उकळते पाणी ओतून ठेवावे. अर्धवट जळालेले काळे तूसही चालते; पांढरी राख मात्र बारीक आणि अल्कधर्मी असल्याने टाळावी. विटांचा चुरा वापरायचा असेल तर हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे ठेवून धूळ चाळून टाकावी. थर्मोकोलचे मणी काही जण सुचवतात. ते मी वापरत नाही आणि कुणाला सुचवणारही नाही, कारण पहिल्या जोरदार पावसात ते वर तरंगतात, वाऱ्याने उडतात आणि शेवटी कुणाच्या तरी गटारात जातात.

व्हर्मिक्युलाइट पर्लाइटच्या शेजारी विकायला ठेवलेले असते म्हणून दोन्ही एकच समजले जातात. व्हर्मिक्युलाइट पाणी धरून ठेवते आणि ओले असताना दाबले गेले की चपटे होते. या कुंडीत पाणी धरायला कोकोपीट पुरेसे आहे.

लाकडाचा ताजा भुसा आणि ताजी चिपाडे मिश्रणात घालू नयेत, कारण ती कुजताना भोवतालचे नत्र ओढून घेतात आणि रोप पिवळे पडते. हे लिहिताना मला जपून बोलावे लागते, कारण पालापाचोळ्यावर आणि चिपाडांवर गच्चीत भाजी पिकवण्याची आपल्याकडे अभिमानाची परंपरा आहे. श्री. अ. दाभोलकर यांच्या प्रयोग परिवाराने आणि मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी मातीवाचून घरच्या घरी भाजी कशी पिकवता येते हे अनेकांना दाखवून दिले. ती पद्धत वरून पाणी घालण्याची आहे आणि तिथे ती उत्तम चालते. टाकीवरच्या कुंडीत मात्र पानांचे थर केशाकर्षण तोडतात आणि कुजत बसत जाऊन दोन महिन्यांत निम्मे होतात. पालापाचोळा इथे हवाच, पण आच्छादन म्हणून अगदी वर. आणि पूर्ण कुजून चाळलेला असेल तर खताच्या वाट्यात.

माझे आजचे प्रमाण असे आहे. 16 लिटर मिश्रणाच्या एका बादलीला धुतलेले कोकोपीट 9 लिटर, चाळलेले गांडूळ खत 3 लिटर, तूस किंवा पर्लाइट 4 लिटर, वर सांगितलेले जिप्सम आणि एक मूठ निंबोळी पेंड. सगळे वजनाने नव्हे तर मापाने मोजायचे, म्हणजे एकच डबा घेऊन भरून भरून घालायचे. 5 किलोंच्या एका विटेत अशा सात बादल्या होतात. टाकीपासून वरपर्यंतची उंची एका वीतीपेक्षा कमी असेल, जसे मेथी-पालकाच्या उथळ ट्रेमध्ये असते, तर भरड थोडे वाढवावे, कारण तिथे सगळेच मिश्रण पाण्याच्या जवळ असते आणि ओल जास्त राहते. उंच पिंपात उलट करावे.

घरी करता येणाऱ्या दोन चाचण्या

प्रत्येकाचे कोकोपीट वेगळे, तूस वेगळे, खत तर वेगळे असतेच, म्हणून माझे प्रमाण डोळे मिटून घेण्यापेक्षा आपले मिश्रण तपासून घ्यावे.

शीतपेयाची 2 लिटरची रिकामी पारदर्शक बाटली घ्यावी, मानेखाली कापावी, तळाला दहा-बारा भोके पाडावीत आणि हाताला जेमतेम ओलसर लागेल असे मिश्रण 25 सेंटीमीटर उंचीपर्यंत हलके ठोकून भरावे. बाटली दोन बोटे पाण्याच्या परातीत उभी करावी. कोकोपीट भिजले की रंग गडद होतो, त्यामुळे पाणी कुठवर चढले याची रेघ बाहेरून स्पष्ट दिसते. ती मार्कर पेनाने दर दोन तासांनी आखत जावी. मी एका रविवारी अशा चार बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. नुसत्या तुसाची बाटली दोन बोटांवर थांबली ती थांबलीच. काळ्या मातीत पाणी संध्याकाळपर्यंत निम्म्यावरही आले नव्हते. नुसते कोकोपीट रात्रीपर्यंत वरपर्यंत भिजले, आणि वर दिलेल्या प्रमाणाचे मिश्रण दुसऱ्या दिवशी सकाळी वरून दोन बोटे सोडून सगळे गडद झाले होते. हवे ते हेच. वरचे दोन बोटे कोरडेसर राहणे चांगले, त्याने पाण्याची वाफ कमी होते आणि खोडाशी बुरशी धरत नाही.

दुसरी चाचणी हवेची. 1 लिटरच्या डब्याच्या तळाला भोके पाडून ती चिकटपट्टीने बंद करावीत, डबा मिश्रणाने भरावा आणि पृष्ठभागावर पाणी दिसेपर्यंत हळूहळू पाणी ओतावे. अर्धा तास थांबून डबा पातेल्यावर धरावा आणि चिकटपट्टी काढावी. जे पाणी निथळून पडते तेवढी जागा आता हवेने घेतलेली असते. पातेल्यात 150 ते 200 मिलिलिटर पाणी आले तर मिश्रणात 15 ते 20 टक्के हवा आहे आणि ते या कुंडीसाठी योग्य आहे. 100च्या खाली आले तर भरड वाढवावे. माझ्या जुन्या लाल माती-शेणखताच्या मिश्रणातून 30 मिलिलिटरही पडले नव्हते. हा आकडा मी त्या टोमॅटोच्या आधी काढला असता तर तो वाचला असता, याची हळहळ अजून वाटते.

भरताना आणि नंतर

जाळीदार डब्यात मिश्रण ओले करून घट्ट दाबून भरावे, तिथे हवेपेक्षा पाण्याशी सलग संबंध महत्त्वाचा. त्यावरचे मिश्रण मात्र दाबू नये. बादली दोन-तीनदा जमिनीवर आपटून जेवढे बसेल तेवढे पुरे. पहिले पाणी नेहमी वरून द्यावे, टाकीच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, कारण कोरड्या मिश्रणात वात सुरू होत नाही. टाकी कधी पूर्ण आटून मिश्रण वाळले तर हाच उपाय पुन्हा करावा. बी पेरले असेल तर उगवून मुळे खाली उतरेपर्यंत वरून शिंपडणे चालू ठेवावे.

जीवामृत (शेण, गोमूत्र आणि गूळ घालून केलेले पातळ खत) किंवा शेणाचा काला टाकीत ओतू नये. टाकीतल्या पाण्यात हवा खेळत नसते, गुळामुळे तो दोन दिवसांत आंबतो आणि मुळांच्या पायाशीच सडका रस साठतो. वरखत म्हणून गांडूळ खत आच्छादनाखाली खोडापासून थोडे दूर, कडेने गोलाकार द्यावे. मुळे आपणहून वर येऊन ते शोधतात. नळीच्या आणि भोकाच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधायला विसरू नये, डेंग्यूचा डास अशाच झाकलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

क्षारांचा प्रश्न धुतलेल्या कोकोपीटनंतरही संपत नाही, कारण ते आपल्या पाण्यातूनच येत राहतात. भर उन्हाळ्यात फळावर आलेला टोमॅटो दिवसाला 2 लिटर पाणी सहज पितो. बोअरच्या पाण्याचा टीडीएस लिटरला 800 मिलिग्रॅम असेल तर रोज 1.6 ग्रॅम क्षार त्या बादलीत येतात, तीन महिन्यांत 140 ग्रॅमच्या वर. त्यातले काही झाड वापरते; बाकीचे पाण्याबरोबर वर चढतात आणि पाणी उडून गेल्यावर तिथेच राहतात. पृष्ठभागावर पांढरी खपली आणि पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या तर हेच घडते आहे असे समजावे. धरणाचे नळाचे पाणी तुलनेने मऊ असते, तिथे हा वेग बराच कमी असतो. बोअरचे पाणी असेल तर महिन्यातून एकदा वरची खपली खरवडून टाकावी, वरून सावकाश एक बादली पाणी घालावे आणि टाकीत उतरलेले पाणी फेकून द्यावे.

जून ते सप्टेंबर हे काम पाऊस करतो. त्या चार महिन्यांत, टाकीच्या तळाला बूच असेल तर, ते काढून ठेवावे म्हणजे साठा होणार नाही आणि कुंडी साध्या कुंडीसारखी वागेल. पावसाने क्षार धुतले जातात तसे अन्नही धुतले जाते, म्हणून गणपतीच्या सुमारास पुन्हा लावणी करताना वरखत द्यायलाच हवे.

तयार पॉटिंग मिक्सच्या पिशव्यांबद्दल एवढेच सांगेन की आपल्याकडे त्यांतल्या बऱ्याच किलोवर विकल्या जातात, आणि किलोचा भाव म्हणजे आपण माती आणि पाणी विकत घेतो. पिशवी उचलून पाहावी. 10 लिटरची पिशवी 3 ते 5 किलोंची असेल तर मिश्रण मातीविना आहे आणि चाचणी करून वापरता येईल. 10 किलोंच्या आसपास असेल तर वेष्टनावर काहीही छापलेले असो, ती या कुंडीसाठी नाही.

एका वर्षात खत कुजून संपते, तूस मऊ पडते आणि मिश्रण चार बोटे खाली बसते. मे महिन्यात ते प्लास्टिकवर पसरून जाड मुळे काढून टाकावीत, ओले करून पारदर्शक प्लास्टिकच्या कागदाने झाकावे आणि तीन-चार आठवडे उन्हात तापू द्यावे. मग बाटलीची आणि डब्याची चाचणी पुन्हा घेऊन जेवढे कमी पडते तेवढे तूस आणि चाळलेले खत मिसळावे. तिसऱ्या वर्षानंतर कोकोपीट काळपट आणि लोण्यासारखे मऊ लागू लागते. तेव्हा ते साध्या कुंड्यांना द्यावे आणि बादलीसाठी नवी वीट भिजत घालावी.